तीन पडदे, एक तिजोरी

बँकेच्या गिऱ्हाइकांत एक जुनी समजूत आहे, की तिजोरी मोठी असली म्हणजे कॅशियरचा हात भराभर चालतो. तिजोरी नवी आली तरी काउंटरपुढची रांग होती तेवढीच राहते, हे रोज डोळ्यांनी पाहूनही ही समजूत काही जात नाही. संगणकातल्या ग्राफिक्स कार्डावर जी मेमरी असते, तिच्याबद्दल चांगल्या शिकलेल्या माणसांचंही असंच असतं. मेमरी जास्त, की खेळ वेगात! मात्र ही समजूत अगदीच आभाळातून पडलेली नाही. एके काळी ती जवळजवळ खरी होती.

१९८१ साली आयबीएमनं आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी रंगीत चित्राचं जे कार्ड काढलं, त्यावर मेमरी होती १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट. आडवे ३२० ठिपके, उभे २००, रंग चार. याला लागतात १६,०००. शिल्लक उरते ३८४. महिनाअखेरीला माझ्याही खात्यात साधारण एवढेच उरतात, म्हणून हा आकडा माझ्या ध्यानात राहिला. त्या शिलकेत पाचवा रंग मागायची सोय नव्हती. १९८७ साली व्हीजीए आलं, २५६ किलोबाइटचं. पुढं १०२४ बाय ७६८ ठिपके आणि २५६ रंग हवे झाले, तर त्याला ७,८६,४३२ बाइट लागत. अर्ध्या मेगाबाइटवाल्याला ते चित्र दिसतच नसे. एक मेगाबाइटवाल्याला दिसे. मेमरी वाढवा, चित्र वाढेल. रोखीचा व्यवहार!

तीन पडद्यांची हौसही अशीच जुनी. जपानच्या तात्सुमी कंपनीनं १९८३ साली ‘टीएक्स-१’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ काढला, त्याला शेजारी-शेजारी तीन पडदे होते. आपल्याकडं रंगीत दूरदर्शन येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालेलं. इथं एका पडद्यापुढं अख्खी आळी, आणि तिथं एका माणसापुढं तीन पडदे. १९९३च्या ‘डूम’च्या सुरुवातीच्या एका आवृत्तीत तीन संगणक जोडून समोर, डावीकडं आणि उजवीकडं पाहता येई. पडदा वाढवला की संगणकही वाढवायचा. नवा काउंटर उघडला की नवा क्लार्क द्यायचा, असं हे कुठल्याही युनियनला पटणारं धोरण होतं. २००२ साली कॅनडाच्या मॅट्रॉक्सनं ‘पार्हेलिया’ काढून ते मोडलं: १२८ मेगाबाइटचं एक कार्ड आणि त्यावर तीन पडदे. मेमरी त्या काळाच्या मानानं भरपूर, पण आतली चिप तीन पडदे ओढताना धापा टाकायची. मग २००९च्या सप्टेंबरात एएमडीचं एक गिगाबाइटचं रेडिऑन एचडी ५८७० आलं, आणि २०१०च्या मार्चमध्ये त्याचं दोन गिगाबाइटवालं भावंड, सहा पडद्यांचं. चिप तीच, मेमरी दुप्पट. जादाचे पैसे द्यावेत की नाही, हा वाद तेव्हापासून रंगला तो रंगलाच.

त्याच साली एनव्हिडियाची तीन पडद्यांची सोय आली, तिला दोन कार्डं लागत. एक गिगाबाइटची दोन, म्हणजे दोन गिगाबाइट, अशी बेरीज लोक करत. पण दोन्ही कार्डांत तोच माल दोनदा ठेवलेला असे. जॉइंट खात्याचं पासबुक नवऱ्याकडं एक आणि बायकोकडं एक असलं, म्हणून शिल्लक दुप्पट होत नाही. (हे समजावताना आमच्या काउंटरवर मी दोन संसार वाचवले आहेत.)

हा वाद माझ्या घरी आला तो भाच्यामुळं. भाचा पुण्याला शिकतो, दाजींचा कापूस गेवराईकडं. २०२३ साली निघालेलं जीफोर्स आरटीएक्स ४०६० टीआय, आठ गिगाबाइटचं ३९९ डॉलरला आणि सोळाचं ४९९ला. शंभर डॉलर म्हणजे तेव्हाचे आठ हजार रुपये, तेही कापसाच्या पट्टीतून. “मामा, तीन पडदे म्हणजे तिप्पट मेमरी लागणार. तुम्ही सांगितलं तर अण्णा ऐकतील.”

‘तिप्पट’ म्हटल्यावर बी.कॉम. झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी कागद ओढला. १९२० बाय १०८० ठिपके, ठिपक्याला चार बाइट: ८२,९४,४००. तीन पडद्यांचे २,४८,८३,२००. म्हणजे पंचवीस मेगाबाइटसुद्धा नाहीत! आठ गिगाबाइटच्या तिजोरीत ही चिल्लर झाली. खेळ अशा बऱ्याच प्रती जवळ ठेवतो, कडा गुळगुळीत करायच्या तर आणखी ठेवतो. तरी हे सगळं काहीशे मेगाबाइट, फार तर गिगाबाइटभर. खरी जागा अडवतात त्या भिंती, झाडं आणि चेहरे. आणि भिंत एका पडद्यावर दिसो की तीन, तिची प्रत एकच लागते. तिप्पट होतं ते चिपचं काम: तिप्पट ठिपके रंगवायचे, सेकंदाला साठ-साठ वेळा.

मग जादा मेमरी वायाच? तसंही नाही. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं बांधलेली. विहीर थोर, पण रानात पाणी पोचतं ते पाटाच्या रुंदीनंच. या दोन्ही कार्डांचा पाट एकच, सेकंदाला २८८ गिगाबाइटचा. विहीर दुप्पट खोदली म्हणून तो रुंदावत नाही. पण विहीर अपुरी पडली आणि टँकर लावावा लागला की काय होतं, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. कार्डावर जागा संपली की माल संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावा लागतो, आणि तो रस्ता सेकंदाला साधारण सोळा गिगाबाइटचा. पाटाच्या अठरावा हिस्सा! टँकर येईपर्यंत खेळातली मोटार वळणावर तशीच उभी.

आता नवे खेळ एकाच पडद्यावरसुद्धा आठ गिगाबाइट संपवतात. तेव्हा सोळाचं घ्यावं ते खेळांसाठी, पडद्यांसाठी नव्हे. आणि तीन पडदेच हवे असतील तर पैसा आधी मोठ्या चिपेत घालावा. जुनेच खेळ खेळायचे असतील, तर आठात भागतं. माझं मत पडलं: कार्ड सोळाचं, पडदा तूर्त एक.

दाजींना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले, “त्या तिन्हीतल्या एखाद्या पडद्यावर पाऊस कधी पडणार ते दिसतं का?”