कॅन्डिडाची ओळखपरेड

खाज, आग आणि अंगावरून दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाणं. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी होणारा हा त्रास. त्यामागच्या यीस्टची ओळख पटवण्याची गोष्ट मात्र चुकीच्या संशयापासून सुरू होते. १८३९ साली लांगेनबेक यांना टायफसच्या रुग्णाच्या घशात बुरशी दिसली आणि त्यांनी टायफसचंच खापर तिच्यावर फोडलं! योनीतल्या बुरशीची नोंद विल्किन्सन यांनी १८४९ मध्ये केली. कॅन्डिडा ही प्रजाती मांडली ती डच संशोधक क्रिस्टिन बेर्कहाउट यांनी, १९२३ च्या आपल्या प्रबंधात.

पुढे बराच काळ सगळी भिस्त डोळ्यांवर होती. १९६० पासून रूढ झालेली जर्म ट्यूब टेस्ट आजही लॅबमध्ये होते, कारण ती स्वस्त आहे. थोड्या सीरममध्ये यीस्ट कालवायचं, ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायचं आणि थेंबभर काचपट्टीवर घेऊन पाहायचं. गोल पेशीतून सरळ नळी फुटली, बुडाशी ती आवळलेली नसली, की रिपोर्टवर ‘अल्बिकन्स’ ही कॅन्डिडाची जात. १९९४ मध्ये यीस्टच्या जातीनुसार रंग दाखवणारं माध्यम आलं: अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई गुलाबी.

१९९५ हे वर्ष जर्म ट्यूब टेस्टला महागात पडलं. डब्लिनमध्ये एचआयव्हीबाधितांच्या तोंडात सापडलेलं यीस्ट अगदी तशीच नळी काढत होतं, पण डीएनए वेगळा निघाला. त्याचं नाव कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस. त्याच वर्षी मादागास्कर आणि अंगोलातल्या स्त्रियांच्या योनीतून मिळालेल्या विचित्र अल्बिकन्सचं वर्णन झालं. २००१ मध्ये तिला ‘आफ्रिकाना’ म्हटलं गेलं, पण ती स्वतंत्र जात की अल्बिकन्सचाच एक प्रकार, यावर वाद झाला. बहुतेकांचा कौल आता दुसऱ्या बाजूला आहे.

या तिघींना वेगळं काढलं एकाच जनुकाने. एचडब्ल्यूपी-१ हे जनुक अल्बिकन्सला शरीराच्या पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन घडवतं. २००८ मध्ये रोमेओ आणि क्रिसेओ यांनी पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राने, त्याचा तुकडा वाढवून जेलवर धाववला. अल्बिकन्सची पट्टी ९४१ बेसजोड्यांवर, आफ्रिकानाची सुमारे ७०० वर, डब्लिनिएन्सिसची ५६९ वर. इराणमधल्या मिरहेंदी आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच, २००६ मध्ये, यीस्टच्या डीएनएतला आयटीएस हा पट्टा वाढवून एमएसपी-१ या एकाच एन्झाइमने कापला होता. अल्बिकन्सचे २९७ आणि २३८ असे दोन तुकडे पडतात. पॅराप्सिलोसिस या जातीचा पट्टा कापलाच जात नाही.

एवढी उठाठेव कशाला? साध्या, पहिल्यांदाच झालेल्या त्रासाला खरं तर गरज नाही. पण उपचार करूनही तो पुन्हा उलटत असेल, तर जात कळायलाच हवी. क्रुसेईला फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध मुळातच लागू पडत नाही. ग्लॅब्राटा ही जात त्याला पुष्कळदा दाद देत नाही, शिवाय तंतू काढत नसल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली सहज नजरेतून सुटते. तिच्यासाठी डॉक्टर कधी कधी योनीत ठेवायच्या बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल देतात. त्या गिळल्या तर विषारी ठरतात आणि गरोदरपणात वर्ज्य आहेत.