विमानतळावरची कॉफी

गेल्या दिवाळीत आईला घेऊन मुंबईहून नागपूरला विमानाने जाण्याचा योग आला. आईचा हा पहिलाच विमानप्रवास. पहाटे घर सोडले, तपासणीचे सारे सोपस्कार उरकले आणि पाहतो तो विमान सुटायला अजून दीड तास अवकाश! समोरच्या दुकानातून कॉफीचा दरवळ येत होता. मी दोन कॉफ्या आणि दोन समोसे मागितले. दुकानदाराने साडेसातशे रुपये सांगितले. आईने आकडा ऐकला मात्र, माझी बाही ओढून म्हणाली, "माझ्यासाठी नको रे. मी घरून खाऊन निघालेय."

तिच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हते, हे मला ठाऊक होते. दारी आलेल्या टपालवाल्यालाही चहा विचारणाऱ्या बाईला खोटे बोलायला लावणारी ही कॉफी विमानतळावर आली तरी कशी?

आपल्याकडे आरंभी असला प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा आपले चिमुकले पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात होत्या केवळ टपालाच्या थैल्या. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. म्हणजे वाटेत फराळ झाला तो विमानाचा!

पाहुणचाराची गोष्ट सुरू होते ती आयर्लंडमधल्या फॉइन्स या गावी. १९३९ पासून अटलांटिक ओलांडणारी पाण्यावर उतरणारी विमाने तेथल्या खाडीत थांबत. महायुद्धाच्या काळात तेथल्या उपाहारगृहाची व्यवस्था ब्रेंडन ओ'रेगन या तरुणाकडे होती आणि मुदपाकखाना जो शेरिडन सांभाळी. एका हिवाळी रात्री वादळामुळे एक विमान अर्ध्या वाटेतून परतले. उतारू थंडीने काकडलेले. शेरिडनने कढत कॉफीत व्हिस्की घातली, वर सायीचा थर दिला आणि पेले त्यांच्या हाती ठेवले. 'ही ब्राझीलची कॉफी का?' असे एकाने विचारले, तेव्हा 'नव्हे, आयरिश!' असे उत्तर मिळाले, असे सांगतात. विमानतळावर जन्मलेले हे पेय पुढे जगभर गेले.

गंमत अशी की, याच ओ'रेगनने १९४७ साली जवळच्या शॅनन विमानतळावर जगातले पहिले करमुक्त दुकान थाटले. इंधनासाठी थांबलेल्या विमानातले उतारू रिकामे बसतात, त्यांचा वेळ आणि खिसा दोन्ही मोकळे असतात, हे त्याने हेरले. एकाच माणसाच्या देखरेखीखाली खोळंबलेल्या प्रवाशाला आसराही मिळाला आणि त्याच प्रवाशात गिऱ्हाईकही सापडले!

पुढे गिऱ्हाईकच उरले. २००६ हे साल तर दोन्ही अंगांनी महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबई-दिल्लीचे विमानतळ खाजगी भागीदारीच्या कंपन्यांकडे गेले, आणि दुकानांचे भाडे हा मिळकतीचा मोठा आधार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला विमाने उडवून देण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर परदेशी निघालेल्याला घरचा थर्मास आत नेणे मुश्किल झाले. तपासणीपायी माणूस लवकर येतो, मागे फिरू शकत नाही, शेजारी दुसरे दुकान स्वस्त नाही. दुकानदार जबर भाडे भरतो. ते शेवटी पेल्यात उतरते.

तरी सगळीच आशा सुटलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, शताब्दीच्या निमित्ताने, कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' उघडला. भाव काय, तर चहा दहा रुपये, कॉफी वीस, समोसा वीस.

मी या विचारात असताना आईने पिशवीतून डबा काढला. चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू. खाण्याच्या जिनसा आत नेण्यास हरकत नसते, हे तिने शेजारणीकडून आधीच विचारून ठेवले होते! समोर एक कॉलेजचा मुलगा एकटाच बसला होता. आईने त्याच्या हातावर लाडू ठेवला. तो संकोचला, मग हसला. मी गुपचूप उठलो, पलीकडच्या दुकानातून एक कॉफी आणून दोघांत वाटली.

"कितीला रे?" आईने विचारले.

"वीस रुपयांना," मी म्हणालो.

ती निवांत पिऊ लागली. भाव मी खराच सांगितला होता; फक्त तो कोलकात्याचा होता, एवढेच!