मुखपृष्ठाची पहिली रेघ

कादंबरी आपल्या हाती पडण्याआधी तिचा एक वाचक होऊन गेलेला असतो. तो ती हातात पेन्सिल घेऊन वाचतो. हा वाचक म्हणजे मुखपृष्ठ काढणारा चित्रकार. आपल्याकडे परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत 'मुखपृष्ठ समर्पक' एवढी त्याची दखल घेतली जाते. त्या 'समर्पक'च्या आधी किती कागद केराच्या टोपलीत गेले, हे कोणी विचारत नाही.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' घ्या. १९६७ साली पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने ती काढली आणि मुखपृष्ठ केले दीनानाथ दलालांनी. दलाल मूळचे मडगावचे, जन्म १९१६चा. १९४५पासून ते 'दीपावली' काढत होते. चित्राच्या कोपऱ्यातली 'दलाल' ही सही तेव्हा घरोघरी ओळखीची होती. पण ही कादंबरी चित्रकाराला सोपी नव्हे. तिच्यात एकटा कर्ण बोलत नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे मिळून सहाजण बोलतात, आणि प्रत्येकाचा कर्ण निराळा. मग चित्रात कोणाचा घ्यायचा? आईने नदीत सोडलेला, मित्राने राजा केलेला, की रथाचे चाक रुतलेला? एका चौकटीत एकच मावतो. कागदावरची पहिली रेघ म्हणजे ही निवड, आणि पुढे हजारो वाचक ती डोळ्यांत घेऊनच पहिले पान उघडतात.

त्यात पुन्हा छपाईचा जाच. तो काळ खिळे जुळवण्याचा. चित्रासाठी धातूचे ब्लॉक करावे लागत. जितके रंग तितके ब्लॉक, आणि तितक्या वेळा कागद यंत्रातून जायचा. ब्लॉकचे पैसे मोजायचे ते चौरस इंचावर. बेताच्या ऐपतीचा प्रकाशक 'दोन रंगांत भागवा' म्हणायचा. म्हणून चित्रकार कच्चा आराखडा काढतानाच हिशेब करी. कागदाचा पांढरा हा फुकटचा रंग. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा पदरात पडतो. फार बारीक जाळीकाम केले तर शाई भरून त्याचा डाग होतो. चित्र मोठ्या मापात काढायचे आणि ब्लॉक करताना लहान करायचे, म्हणजे रेघा बांधेसूद दिसतात. शीर्षकाची अक्षरेही बहुधा हातानेच काढायची. जुन्या मुखपृष्ठांचा ठसठशीतपणा बराचसा या काटकसरीतून आला, असे माझे मत आहे. आता संगणकावर तासाभरात दहा नमुने निघतात आणि दहाही सारखेच दिसतात!

या कच्च्या कागदांचे मोल कळायला मात्र मला अमेरिकेकडे पाहावे लागले. तिथे एका अभिजात कादंबरीची अशी रेखाटने टिकून राहिली. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५च्या एप्रिलमध्ये आली. मुखपृष्ठ फ्रान्सिस कुगाट यांचे, मोबदला शंभर डॉलर. कादंबरी पुरी होण्याआधीच त्यांना काम दिले होते. पहिल्या रेखाटनांत उदास, उजाड वस्ती आणि वर आकाशात चेहरे आहेत. हळूहळू वस्ती मागे पडली, तिच्या जागी रात्रीच्या जत्रेचे दिवे आले आणि अथांग निळाईत बाईचे नुसते डोळे आणि ओठ उरले. १९२४च्या ऑगस्टमध्ये फिट्झजेराल्ड यांनी संपादकांना कळवले, की ते मुखपृष्ठ दुसऱ्या कोणाला देऊ नका, मी ते कादंबरीत लिहून टाकले आहे. त्यांनी नेमके कोणते चित्र पाहिले होते, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्यांना वाद तरी घालता येतो, कारण कागद शिल्लक आहेत.

पहिली रेघ लेखकाबद्दलही काही बोलून जाते. माझ्या एका कवितासंग्रहासाठी चित्रकाराने आणलेल्या पहिल्या आराखड्यात चंद्रकोर होती आणि एक मिनार. संग्रहात होती वसईची मिठागरे, केळीच्या बागा आणि पहाटेची विरार लोकल. त्यांनी कविता वाचल्या नव्हत्या, कवीचे नाव वाचले होते. मी हस्तलिखित परत त्यांच्या हाती दिले आणि म्हटले, आधी हे वाचा, घाई नाही. तीन आठवड्यांनी आलेल्या कागदावर मिठागराचे पांढरे चौकोन होते, आणि त्यासाठी खरेच एकच रंग लागला. तो पहिला कागद मी मागून घेतला. तो अजून माझ्याकडे आहे.

आपल्याकडे रेखाटनेच काय, छापलेली मुखपृष्ठेही टिकत नाहीत. वाचनालयातले पुस्तक खिळखिळे झाले की बांधणीला जाते. येताना जाड पुठ्ठा आणि पाठीवर क्रमांक घेऊन येते. चित्र बांधणाऱ्याच्या दुकानातच राहते. नव्या आवृत्तीला नवे मुखपृष्ठ आले की जुन्याची आठवण फक्त जुन्या वाचकांना. चित्रकारांच्या घरी, प्रकाशकांच्या फडताळांत, छापखान्यांच्या माळ्यावर असे कागद अजून असतील. ते रद्दीत घालण्याआधी एकदा उलटून पाहा. मागे दुधाचा हिशेब लिहिलेला असला, तरी.