गाड्या चिरडण्यापासून गुणतक्त्यापर्यंत

मॉन्स्टर ट्रक म्हणजे नुसता धिंगाणा, हे मला पटत नाही. १९८१ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात बॉब चँडलरने आपला 'बिगफूट' शेतातल्या दोन भंगार गाड्यांवरून नेला, तेव्हा तो जत्रेतला खेळच होता म्हणा. पण चिरडलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा कोण बघणार? १९८८ साली टीएनटी मोटरस्पोर्ट्सने शर्यतींना गुण लावून हंगामभराची मालिका केली, ती टीव्हीवर आली, आणि पुढच्या फेरीची वाट पाहायला कारण मिळालं. पहिलं विजेतेपद 'यूएसए-१'ने नेलं. मग चँडलरने संगणकाच्या मदतीने नळ्यांच्या सांगाड्याचा ट्रक बांधला नि १९९० साली बाजी मारली. ते अवजड धूड उडायला शिकलं ते या गुणांपायी! २००० साली लास वेगासला 'मॉन्स्टर जॅम'ची जागतिक अंतिम फेरी सुरू झाली, तिथे मात्र टाळ्या शर्यतीपेक्षा कसरतींनाच जास्त.