पन्नासास एक: आउटबोर्डच्या ऑइलचा हिशोब आला कुठून?

(या भागाचं लेखी रूप. हेडफोन विसरलेल्यांसाठी!)

आजचा अख्खा भाग एका आकड्यावर आहे. ५०:१. टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला अडकवतात ते इंजिन, ज्यानं वापरलंय त्याला हा आकडा पाठ असतो. ५० भाग पेट्रोल, १ भाग ऑइल. एका लिटरला २० मिली.

पण हा आकडा कायम हाच होता का? तर नाही. तो कमी-कमी होत गेला आणि एकदा चक्क मागेही फिरला. आणि आज डब्यावर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं पाहून लोक जो प्रश्न विचारतात, "भारी ऑइल आहे, मग थोडं कमी घातलं तर चालेल ना?", त्याचं उत्तर या इतिहासातच आहे.

आधी एक साधी गोष्ट. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचंच कशाला? कारच्या इंजिनात ऑइल खाली साठलेलं असतं आणि तेच तेच फिरत राहतं. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यांनी १८९० च्या सुमारास जे टू-स्ट्रोक इंजिन बनवलं, त्यात ही खालची जागाच पंप म्हणून वापरली. पेट्रोल आणि हवा आधी तिथे येते, पिस्टन खाली आला की दाबली जाऊन वर सिलिंडरमध्ये जाते. पार्ट कमी, वजन कमी. पण मग ऑइल साठवायला जागा कुठे उरली? म्हणून ते पेट्रोलबरोबरच पाठवायचं. जाता जाता ते बेअरिंग आणि पिस्टन ओले करतं आणि शेवटी जळून जातं.

म्हणजे हे एकदाच वापरायचं ऑइल आहे. आणि बहुतेक आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सोडलेला असतो. तुम्ही टाकीत जे ओताल, त्याचा काही भाग तळ्यात, खाडीत जाणारच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता अमेरिकेत जाऊ. विस्कॉन्सिनमधलं मिलवॉकी. नॉर्वेत जन्मलेले ओले एविनरूड यांनी १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं. दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे २८ किलो. हे काही जगातलं पहिलं आउटबोर्ड नव्हे, पण सामान्य माणसाच्या होडीला मोटर लागली ती अशा इंजिनांमुळे.

त्या काळच्या इंजिनांत ब्रॉन्झचे साधे बुश असायचे. धातूवर धातू घसरणार, मध्ये फक्त ऑइलचा थर. त्यामुळे ऑइल भरपूर लागायचं. १६:१ हे प्रमाण अनेक जुन्या इंजिनांना लागू होतं. लिटरला साठ मिलीच्या वर! आणि ऑइल कुठलं, तर मोटारगाडीचं नेहमीचं. पुढे नीडल आणि रोलर बेअरिंग आली. घसरण्याऐवजी लोळणं सुरू झालं, ऑइलची गरज घटली, आकडा २४:१ वर आला. मग १९६४ मध्ये जॉन्सन आणि एविनरूड या दोन्ही ब्रँडची मालक कंपनी ओएमसी हिने बहुतेक मॉडेलना ५०:१ सांगितलं.

बघा, आकडा नुसत्या चांगल्या ऑइलमुळे उतरला नाही. आधी बेअरिंग बदलली, म्हणून तो उतरला.

ऑइल मात्र बदलणं भाग होतं. गाडीच्या ऑइलमध्ये धातूची संयुगं असलेले घटक घालतात, काजळी धरून ठेवायला. गाडीत ते उत्तम. पण इथे ऑइल जळतं, आणि जळल्यावर या घटकांची राख मागे उरते. राख प्लगवर बसते, पिस्टनच्या डोक्यावर साचते, लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. नशीब खराब असेल तर पिस्टनला भोक!

म्हणून आउटबोर्डसाठी राख न सोडणारं ऑइल आलं आणि त्याला टीसी-डब्ल्यू हे नाव मिळालं. डब्ल्यू म्हणजे वॉटर-कूल्ड, पाण्याने थंड होणारं. आज डब्यावर दिसतं ते टीसी-डब्ल्यू३ त्याचीच पुढची पिढी, १९९० च्या दशकातली.

इथेच मला नेहमी येणाऱ्या मेसेजचं उत्तर आहे: "आरएक्स१०० चं ऑइल होडीत चालेल का?" नको! बाइकचं इंजिन हवेनं थंड होतं, म्हणजे फार तापतं, आणि त्या उष्णतेत पिस्टन साफ ठेवायला त्याच्या ऑइलमध्ये थोडे राख सोडणारे घटक चालतात. जेएएसओ एफसी, एफडी हे शिक्के त्या ऑइलचे. आउटबोर्ड गार पाण्यावर चालतं आणि तासन् तास फुल थ्रॉटलवर राबतं. दोघंही टू-स्ट्रोक, पण स्वभाव वेगळे. उलटही तेच: टीसी-डब्ल्यू३ बाइकमध्ये नको.

आता सिंथेटिक. याचा एक जुना नातेवाईक आपल्या घरात असतो. एरंडेल! रेसिंग इंजिनांत ते खूप वापरलं गेलं, कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टर, म्हणजे एरंडावरून आलंय. रसायनशास्त्रात एरंडेल हे एस्टर. ते धातूला घट्ट धरून राहतं, पण जळल्यावर डिंकासारखा थर सोडतं. प्रयोगशाळेत बनवलेल्या एस्टरनी पकड ठेवली आणि डिंक बराच कमी केला. धूरही कमी.

मग मोह झालाच. १९८० च्या दशकाच्या मध्यात ओएमसीनं अनेक मॉडेलना १००:१ सांगितलं. लिटरला फक्त १० मिली! पण होडीचं इंजिन रोज चालत नाही. आठवडेच्या आठवडे दमट, खाऱ्या हवेत पडून राहतं, आणि तेव्हा बेअरिंगला गंजापासून वाचवतो तो मागे उरलेला ऑइलचा पातळ थरच. काही वर्षांतच कंपनी ५०:१ वर परत आली.

दरम्यान पाण्याचं काय? युरोपातलं बोडनसे, म्हणजे लेक कॉन्स्टन्स, सुमारे ४० लाख लोकांना पिण्याचं पाणी देतं. युरोपात १९८२ मध्ये एक चाचणी ठरली: आउटबोर्डचं ऑइल पाण्यातले जिवाणू किती खाऊन टाकतात? एस्टर इथे खनिज तेलापेक्षा खूपच चांगले ठरतात.

पण खरं दुखणं ऑइल नव्हतंच. जुन्या कार्ब्युरेटर टू-स्ट्रोकमध्ये पाव भाग किंवा त्याहून जास्त पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. ते कुठल्याच सिंथेटिकनं थांबत नाही. अमेरिकेनं १९९६ मध्ये नियम आणले, लेक टाहोवर १ जून १९९९ पासून अशा इंजिनांना बंदी आली. डायरेक्ट इंजेक्शनवाले टू-स्ट्रोक आले, पण बाजार फोर-स्ट्रोककडे वळला. २०२० मध्ये एविनरूड आउटबोर्डचं उत्पादनच थांबलं.

आपल्याकडे हीच गोष्ट रस्त्यावर घडली. दिल्लीत रिक्षा-स्कूटरमध्ये सुटं, भलतंच आणि गरजेपेक्षा जास्त ऑइल पडायचं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर सुट्या टू-टी ऑइलची विक्री बंद होऊन पंपावर मोजून मिसळलेलं पेट्रोल आलं. "जास्त घातलं तर काय बिघडतं?" हा समज महाग पडतो. प्लग काजळतो, कार्बन साचतो आणि पेट्रोलचं प्रमाण घटल्यानं मिश्रण उलट पातळ होतं.

मग करायचं काय? आकडा डब्यावरून नाही, इंजिनाच्या मॅन्युअलवरून घ्या. १९६४ च्या आधीचं बुशवालं इंजिन असेल तर १६:१, ऑइल कितीही भारी असो. नवीन इंजिनाला सुरुवातीला बऱ्याच कंपन्या २५:१ सांगतात. ऑइल टीसी-डब्ल्यू३ च. आधी थोडं पेट्रोल, मग मोजून ऑइल, नीट हलवा, मग उरलेलं पेट्रोल. २५ लिटरला ५०:१ म्हणजे अर्धा लिटर. आणि लागेल तेवढंच मिसळा, जुनं मिश्रण खराब होतं.

सिंथेटिकनं धूर कमी होतो, पिस्टन साफ राहतो, पाण्याला त्रास थोडा कमी होतो. पण तुमच्या इंजिनातली बेअरिंग ते बदलत नाही. आकडा बेअरिंगचा आहे, ऑइलचा नाही.

तुमच्याकडे किंवा गावात कोणाकडे जुनं आउटबोर्ड असेल तर त्याच्या टाकीवर कुठला आकडा छापलाय, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!