गाणं वामनदादांचं, नाव कुणाचं?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, पण १४ एप्रिलच्या आधी वाचाच.

जयंतीला मरोळ नाक्यापासून आतल्या वस्त्यांपर्यंत दिवसभर भीमगीतं वाजतात. बॅनरवर गायकाचा फोटो असतो, खाली ऑर्केस्ट्राचं नाव, त्याखाली सौजन्य म्हणून निम्म्या वॉर्डाचे फोटो. गाणं कुणी लिहिलं ते मात्र कुठेच नसतं. गर्दीत विचारून बघा. "अरे, हे तर अमक्याचं गाणं," म्हणून लोक गायकाचं नाव सांगतात. त्यातली कितीतरी गाणी वामनदादा कर्डकांची असतात.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. शाळा नशिबात नव्हती. मुंबईत येऊन मोलमजुरी केली, अक्षरओळखही मोठेपणीच झाली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत माणूस शिकला आणि पुढे हजारो गाणी लिहून गेला. १५ मे २००४ ला गेले. गावोगाव फिरून स्वतः गायचे, आणि कुणी गाणं मागितलं तर देऊनही टाकायचे. चळवळीचं गाणं आहे, दहा तोंडी गेलं तर बरंच, हा हिशेब.

आणि गंमत बघा, त्यांनी १९४३ साली लिहिलेलं पहिलं गाणं म्हणजे एका हिंदी गाण्याचं विडंबन. म्हणजे सुरुवातच उसन्या चालीवर! भीमगीतांत हे सर्रास चालत आलंय. सिनेमाची चाल घ्यायची, शब्द आपले घालायचे. सिनेमावाल्यांनी तरी काय केलं? आपल्याच लावण्या, कोळीगीतं, गोंधळाच्या चाली उचलल्या. तेव्हा दुसऱ्याचं गाणं गाणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. गाणं तसंच जगतं.

पण आपल्या परंपरेने या उसनवारीत एक सोय करून ठेवली होती. नाममुद्रा. तुकोबांचा अभंग कुणीही गावा, शेवटी 'तुका म्हणे' येतंच. चोखोबांचं तसंच, जनाबाईंचं तसंच. पठ्ठे बापूरावांनी लावणीत नाव गुंफलं. वामनदादाही शेवटच्या कडव्यात 'वामन' ठेवायचे. छापखाना नाही, करार नाही, वकील नाही, तरी गाणाऱ्याच्या तोंडून कवीचं नाव निघणारच, अशी ही तजवीज. कॉपीराइट कायद्याच्या कितीतरी आधीची.

ही तजवीज ढिली पडली ती कॅसेटच्या जमान्यात. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि लोकगायकांच्या आवाजाला पहिल्यांदा मोठा बाजार मिळाला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे आवाज घराघरांत पोचले, हे फार मोठं काम झालं. पण त्याच लाटेत 'व्हर्जन' आलं. आधी कुणीतरी गायलेली गाणी दुसऱ्या गायकाने गायची आणि नवी कॅसेट काढायची. आता त्याला कव्हर म्हणतात. माझ्याकडे अशा जुन्या कॅसेटींचा एक खोका आहे. काहींच्या वेष्टनावर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असं छापलंय, काहींवर ती जागाच नाही. एकदोन कॅसेटींत तर शेवटचं कडवंच गाळलंय. वामनदादा हयात होते हो तेव्हा! जिवंत माणूस 'पारंपरिक' कसा होतो?

तिकडे अमेरिकेत काय झालं तेही सांगतो. विली नेल्सन म्हणून टेक्सासचा गायक आहे, तिकडच्या गावाकडच्या, म्हणजे 'कंट्री' गाण्यांचा. सुरुवातीला इतकी तंगी होती की त्याने 'फॅमिली बायबल' हे स्वतःचं गाणं ५० डॉलरला विकलं. १९६० मध्ये ते दुसऱ्याच्या आवाजात गाजलं आणि गीतकार म्हणून नावं लागली भलत्यांची. याच माणसाने १९७८ मध्ये 'स्टारडस्ट' नावाचा अल्बम काढला. दहाच्या दहा गाणी दुसऱ्यांची, जुनी. कंपनीला भरवसा नव्हता. पण अल्बम कंट्रीच्या यादीत जवळपास दहा वर्षं टिकला. आणि होगी कारमायकेल, अर्व्हिंग बर्लिन, ड्यूक एलिंग्टन, ज्यांची ज्यांची गाणी त्यांची त्यांची नावं त्यावर आहेत. कव्हर गाऊनही मूळ कवीचा मान राखता येतो, तो असा.

बरं, आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना आणि रॉयल्टी देऊन, व्हर्जन काढायची मुभा दिली होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षं केली आणि कव्हरवर 'कव्हर' असं लिहिणं बंधनकारक केलं. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ अखेरपर्यंत 'पारंपरिक' होत नाहीत! शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी 'हे मी लिहिलंय' असं सांगायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. कागदावर सगळं आहे. पण पाटी वाचून अक्षरं शिकलेल्या माणसाने कंपनीला नोटीस कधी आणि कशी पाठवायची?

आपल्या मरोळ गावठाणातल्या गाण्यांची तर याहून पंचाईत. ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणताना बाया जी गाणी म्हणतात, ती कुणी रचली हे कुणालाच माहीत नाही. ती खरोखर पारंपरिक. त्यांच्यावर कायद्याने एका कुणाचा हक्क नाही, त्यामुळे कुणीही उचलावं, डीजे लावावा, 'कोळी रिमिक्स' म्हणून विकावं. तिथे कवीचं नाव नाही तर निदान समाजाचं, गावाचं नाव घ्यावं, एवढंच मागता येतं. पण वामनदादांचं तसं नाही. तिथे नाव आहे, आणि ते आपण पुसतोय.

म्हणून यंदा जयंती मंडळांना आणि निवेदकांना हात जोडून सांगणं आहे. खर्च एक रुपयाचा नाही. गाण्याआधी गीतकाराचं नाव माइकवर घ्या. बॅनरवर सौजन्याचे दोन फोटो कमी करा आणि तिथे 'गीत' म्हणून एक ओळ टाका. गायकांनो, वेळ कमी असेल तर मधलं कडवं गाळा, शेवटचं गाळू नका. त्यात नाव आहे.

जय भीम.