बट्टा, बिटकॉइन आणि दोन सुपं

२०२५ च्या ऑगस्टमधला एक शनिवार. जेवण झालेलं, ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतून काढलेला नाही, बाहेर पाऊस. आता तास-दीड तास ताणून द्यावी म्हणत होतो, तेवढ्यात मावसभावाचा फोन. "दादा, दहा मिनिटं आहेत का?" असं हा जेव्हा जेव्हा विचारतो तेव्हा दीड तास जातो हे मला अनुभवानं माहीत आहे.

हा आमच्या पारनेर तालुक्यातला. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी, पगार साडेनऊ लाख, घरी कांदा आणि थोडी बाजरी. २०२३ पासून मोबाइलवर बिटकॉइन वगैरे घेत होता. ५ डिसेंबर २०२४ ला बिटकॉइननं पहिल्यांदा एक लाख डॉलरचा आकडा ओलांडला, त्या आठवड्यात यानं विकला. दीड लाखाला घेतलेला माल साडेतीन लाखांना गेला. फायदा दोन लाख. पण त्याच वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून दुसरं एक कसलंतरी कॉइन दोन लाखांना घेतलं होतं, ते पडत पडत साठ हजारांवर आलं, तेव्हा घाबरून विकलं. तोटा एक लाख चाळीस हजार. म्हणजे वर्षभरात हातात निव्वळ किती आले? साठ हजार.

"मग साठ हजारावर टॅक्स किती बसेल?"

मी म्हटलं, "बासष्ट हजार चारशे."

पलीकडे शांतता. मग मागून मावशीचा आवाज, "अरे, आपण शेतकरी माणसं, आपल्याला कसला आलाय टॅक्स?"

आधी मावशीला उत्तर देतो, कारण हा गैरसमज नगर जिल्ह्यात घरोघरी आहे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे खरं. १८५७ नंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून जेम्स विल्सननं १८६० साली इथे आयकर आणला, त्यात शेतीचं उत्पन्नही धरलं होतं. पुढे तो कर कधी बंद, कधी चालू, कधी लायसन्स टॅक्स नावानं, असं करत १८८६ च्या कायद्यात शेतीला सूट मिळाली ती आजतागायत. पण सूट उत्पन्नाला आहे, माणसाला नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून बिटकॉइन काही कांदा होत नाही. :)

आता साठ हजारांवर बासष्ट हजार चारशे कसे? २०२२ च्या अर्थसंकल्पात कलम ११५ बीबीएच आलं. क्रिप्टोला कायद्यात 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव मिळालं आणि तिच्या फायद्यावर सरसकट तीस टक्के कर, वर चार टक्के सेस. खर्च म्हणून वजा काय होतं? फक्त खरेदीची किंमत. तोटा? तो तुमचा. एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या फायद्यातून वजा करता येत नाही, पगारातून नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. शिवाय कमी उत्पन्नवाल्याला जी मूळ मर्यादा मिळते तिचाही इथे उपयोग नाही. तर दोन लाखांचे तीस टक्के साठ हजार, सेस चोवीसशे. एक लाख चाळीस हजारांचा खड्डा कायद्याला दिसतच नाही.

"हा कुठला न्याय, दादा?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. न्याय-बिय मी सांगू शकलो नाही. पण त्या दिवसानंतर दोन-तीन शनिवार मी आपल्या नगरचा (आता २०२४ पासून अहिल्यानगरचा, पण जीभ अजून वळत नाही) करांचा इतिहास उकरत बसलो आणि लक्षात आलं की भावाची तक्रार बरीच जुनी आहे.

पहिली गोष्ट नाण्यांची. आपण समजतो की एक देश, एक रुपया. पेशवाईत असं काही नव्हतं. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया, आणखी गावोगावचे वेगळे. टांकसाळी सरकारनं स्वतः चालवल्या असंही नाही, परवाना देऊन खाजगी लोकांकडून चालवून घ्यायचे. आणि गंमत बघा, मराठ्यांच्या कित्येक नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचं! जामखेड तालुक्यातल्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान आहे, पण तोही शाह आलमच्याच नावानं. लोक नाव बघून रुपया घेत नव्हते. चांदी किती आहे आणि पुढचा माणूस घेईल का, एवढंच बघत होते.

म्हणून सगळीकडे सराफ आणि पोतदार. पोतदार म्हणजे खजिन्यात येणारं नाणं पारखणारा. (तुमच्या ओळखीतल्या पोतदार-पारख्यांना विचारा, आडनाव कुठून आलं.) रयत हातातला रुपया घेऊन सारा भरायला गेली की हे नाणं इथलं नाही, झिजलंय, यात चांदी कमी, असं म्हणून वरचा फरक मागितला जायचा. तो बट्टा. आपण आज 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो शब्द मुळात जमाखर्चाचा. शेतकऱ्यानं माल विकून कुठलाही रुपया घेतला असो, सरकार आपल्याला हवा तोच रुपया मोजून घेणार आणि मधला फरक शेतकऱ्याच्या खिशातून. इंग्रजांनी १८१८ नंतर इथला कारभार हातात घेतला तेव्हाही हा सगळा नाण्यांचा गोंधळ तसाच होता. १८३५ च्या कायद्यानं कंपनीचा १८० ग्रेनचा म्हणजे तोळाभराचा एकसारखा रुपया ठरला, तेव्हा कुठे बट्टा हळूहळू मागे पडला.

आता भावाचा मोबाइल बघा. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं, मध्ये रुपया कुठे आलाच नाही, तरी कायद्यानं ते हस्तांतर. त्या दिवसाच्या भावानं रुपयात किंमत काढा आणि फायदा झाला असेल तर कर भरा, तोही रुपयात. चार महिन्यांनी ते दुसरं कॉइन निम्म्यावर आलं तरी कराचा आकडा हलत नाही. कमाई कुठल्याही नाण्यात करा, तिजोरीशी हिशेब तिजोरीच्याच नाण्यात. पोतदार गेला, त्याच्या जागी सॉफ्टवेअर आलं (आणि आमच्यासारखे लोक ते लिहितात, असो).

"पण सरकार याला चलन मानतच नाही ना? मग कर कसा?" हा त्याचा पुढचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका म्हणून सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. पुढे कर लावतानाही अर्थमंत्र्यांची भूमिका हीच होती की कर लावला म्हणजे मान्यता दिली असं नाही. ऐकायला विचित्र वाटतं. पण परक्या टांकसाळीचा रुपया बट्टा लावून घेणाऱ्या खजिन्यानं तरी त्या टांकसाळीला कुठे मान्यता दिली होती?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यात एक सुपं आहे. आमचं नाही. पारनेरचं सुपं वेगळं आणि पुणे जिल्ह्यात बारामतीकडचं सुपं वेगळं. पुस्तकात वाचताना नगरवाल्यांचा हमखास घोटाळा होतो. १२ मे १८७५ ला त्या बारामतीकडच्या सुप्यात रयतेनं सावकारांच्या दुकानांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे मागितले, जाळले. तिथून लोण नगर जिल्ह्यात आलं, श्रीगोंदा, पारनेरपर्यंत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून जास्त गावं. शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांना पाठ केलं आणि विसरलो.

शाळेत सावकार लक्षात राहतो, सारा राहत नाही. त्याआधी काय झालं होतं? १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. सावकार मागेल त्याला पैसे देत होता. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. आणि नेमकं त्याच सुमाराला तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून नवीन आकारणी सुरू झाली. पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला. भाव पडलेला आणि सारा वाढलेला! वर तो भरायचा रोख, ठरल्या तारखेला, पीक आलेलं असो नसो. सावकारानं हात आखडता घेतलेला. मग रोखा जुना, व्याज नवीन, आणि जमीन त्याच्या नावावर. सरकारनं आयोग नेमला, १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कायदा सावकाराला वेसण घालणारा होता. साऱ्याची पद्धत तीच राहिली.

याच नगरच्या निजामशाहीत अडीचशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं वेगळं करून पाहिलं होतं. १६२६ मध्ये तो वारला. त्यानं वसुलीचा मक्ता बंद केला, आधी प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा घेतला आणि काही हंगाम बघून मग तो रोखीत बदलला, तोही दरवर्षीची लागवड पाहून, असं ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवलंय. म्हणजे बुडीत वर्ष बुडीत धरलं जायचं. मलिक अंबरला उगाच देवत्व द्यायचं नाही मला, त्याला लढाया करायला पैसा हवाच होता. पण नुकसान हिशेबात धरायचं की नाही हा प्रश्न त्याला समजला होता, आणि ११५ बीबीएच लिहिणाऱ्यांनी तो प्रश्न समजून-उमजून बाजूला ठेवलाय. सट्टा आवरावा हा हेतू असेल, मला तो पटतोही. पण मग फायद्यावर कर म्हणू नका, सट्ट्यावर दंड म्हणा.

आणि हे बदलतच नाही असंही नाही. आपल्या साखर कारखान्यांचंच बघा. ठरलेल्या भावापेक्षा उसाला जास्त दिलं तर तो खर्च की नफ्याचं वाटप, यावर सहकारी कारखाने आणि आयकर खातं वर्षानुवर्षं भांडत होते. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची ती रक्कम खर्च म्हणून धरायला परवानगी मिळाली, दिलासा जवळजवळ दहा हजार कोटींचा. प्रवरेपासून चालत आलेल्या कारखानदारीच्या मागे आमदार-खासदार उभे आहेत. कॉम्प्युटर लावून क्रिप्टोचं मायनिंग करणाऱ्याच्या मागे कोण? त्याच्या यंत्रांचा खर्च खरेदीच्या किमतीत धरणार नाही असं सरकारनं मार्च २०२२ मध्येच लोकसभेत सांगून टाकलं.

असो. भाऊ मूळ प्रश्नावर आला, "आणि दाखवलंच नाही तर?"

मी त्याला आयकराच्या साइटवर लॉगिन करून त्याचं वार्षिक माहितीपत्रक उघडायला लावलं. तिथे त्याचे दोन्ही व्यवहार बसलेले! १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, तोट्यात विकलं तरी. चार लाख दहा हजारांवर चार हजार शंभर रुपये आधीच त्याच्या पॅनवर जमा होते. म्हणजे लपवायचा विषय आठ महिन्यांपूर्वीच संपला होता. परदेशी ॲपवर घेतलं असतं तर दिसलं नसतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. १८७५ चे लोकही वह्या जाळून मोकळे झाले असं समजले होते. इथे तर वही जाळायचीही सोय नाही, ब्लॉकचेन म्हणजे गावभर वाटलेली वहीच.

मग बसून भरलं. त्याच्या कंपनीतला एकजण तीनशे रुपयांत सगळ्यांचं 'सहज' म्हणजे आयटीआर-१ भरून देतो; क्रिप्टो असेल तर तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो. त्यात या मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट आहे. प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ: घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, किती रुपयांना घेतलं, किती रुपयांना विकलं. एक्सचेंजवरून व्यवहारांची फाइल उतरवून घेतली आणि बँकेच्या उताऱ्याशी जुळवली. एवढंच काम, पण दोन तास गेले कारण एका खरेदीची तारीख जुळेना. ॲडव्हान्स टॅक्स न भरल्याचं व्याज वेगळं. आधीच्या वर्षीही थोडं विकल्याचं त्याला तेव्हा आठवलं (आठवलं म्हणजे मी विचारल्यावर कबूल केलं). त्यासाठी अद्ययावत रिटर्न आहे, चार वर्षांपर्यंत भरता येतं, पण उशीर जितका जास्त तितका वरचा कर चढतो, पंचवीस टक्क्यांपासून सत्तरपर्यंत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा आहे, म्हणून ओळखीच्या सीएकडून एकदा नजर फिरवून घ्या. तीस टक्के काही त्यानं कमी केलेले नाहीत.

टीडीएस वजा जाऊन अठ्ठावन्न हजार तीनशे आणि वर व्याज, एवढं चलन भरलं. दोन वर्षांच्या उलाढालीत पदरात पडलं उणे चोवीसशे, आणि व्याज. मावशीनं चहा ठेवताना विचारलं, "झालं का रे तुमचं? आणि कांद्याचं काय भरायचं?"

"कांद्याचं काही नाही, मावशी."

"मग कांदाच बरा की," असं म्हणून ती आत गेली. त्या आठवड्यात कांद्याचा भाव काय होता ते तिला विचारायचा धीर मला झाला नाही.